भिल्ल चित्रकला

भिल्ल चित्रकला ही पश्चिम व मध्य भारतातील भिल्ल, भिलाला, राठवा, नायक आदी आदिवासी समाजांमध्ये परंपरेने चालत आलेली चित्रकला होय. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांच्या डोंगराळ सीमाभागात ती आढळते. घराच्या भिंतीवर नवसपूर्तीसाठी काढले जाणारे पिठोरा चित्र हे तिचे सर्वांत विस्तृत रूप आहे; तर ठिपक्यांनी भरलेली, कागदावर व कापडावर काढलेली प्राणी, पक्षी व वृक्ष यांची चित्रे हे तिचे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्धीस आलेले रूप आहे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात होळीच्या वेळी अंगावर काढल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीचाही याच दृश्यसंस्कृतीत विचार करता येतो.

दाणा, पान, पीस, पावसाचा थेंब, नांगराचे तास अशा निसर्गातील व शेतीतील पुनरावृत्त आकृत्यांवर ही कला उभी आहे. तीच एक खूण शेकडो वेळा संथपणे उमटवत जाण्याच्या तिच्या पद्धतीमुळे अलीकडे तिचा उल्लेख ‘ध्यानात्मक कला’ असा केला जातो. हे वर्णन कितपत लागू पडते, याची चर्चा पुढे स्वतंत्र विभागात केली आहे.

## नाव आणि व्याप्ती

‘भिल्ल चित्रकला’ हे नाव समाजाबाहेरील अभ्यासक, संग्रहालये आणि शासकीय संस्था यांच्या लेखनातून रूढ झाले. परंपरेत चित्राला त्याच्या विधीच्या नावाने ओळखले जाते. पिठोरा चित्राच्या बाबतीत ‘चित्र काढणे’ याऐवजी ‘पिठोरा लिहिणे’ असा शब्दप्रयोग केला जातो व ते लिहिणाऱ्याला लखारा किंवा लिखंदरा असे म्हणतात. मराठीत जसे आपण ‘सही काढणे’ न म्हणता ‘सही करणे’ म्हणतो, तसाच हा भेद केवळ शब्दांचा नाही. चित्र हे सजावट नसून देवाला दिलेल्या वचनाचा लेख आहे, ही धारणा त्यामागे आहे.

भिल्ल हा एकजिनसी समाज नाही. सातपुड्याच्या महाराष्ट्राकडील भागात भिल्ल आणि पावरा हे प्रमुख समाज आहेत. मध्य प्रदेशात भिलाला व बारेला, गुजरातेत राठवा, तडवी, नायक असे समाज आहेत. त्यांच्या बोली, देवदेवता आणि सण यांत साम्य असले तरी विधींचे तपशील गावागणिक बदलतात. त्यामुळे एका ठिकाणच्या चित्रपद्धतीवरून संपूर्ण प्रदेशाविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

## धडगाव आणि सातपुड्याचा परिसर

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ इतकी होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. अक्राणी हा जिल्ह्यातील डोंगराळ तालुका असून तोरणमाळचे पठार याच तालुक्यात येते. अश्वत्थाम्याच्या कथेशी जोडलेले आणि दिवाळीत यात्रा भरणारे अस्तंभा शिखरही याच डोंगररांगेत आहे. उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. तिच्या पलीकडे मध्य प्रदेश व गुजरात यांचा जो भाग लागतो, तोच पिठोरा चित्रांचा मुख्य प्रदेश होय. छोटा उदेपूर, अलीराजपूर आणि झाबुआ ही त्यातील महत्त्वाची ठिकाणे आहेत.

या परिसरातील वस्ती दाट गावठाणाची नाही. घरे आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, एकमेकांपासून अंतर राखून असतात आणि अशा घरांचे मिळून पाडे होतात. घराचा सांगाडा लाकडाचा, भिंती बांबूच्या कुडाच्या आणि त्यांवर शेण व मातीचे सारवण, अशी जुनी बांधणी असते. ज्वारी, मका, भगर, कडधान्ये ही पिके. मोह, साग, पळस, चारोळी, तेंदू, सीताफळ, आंबा ही झाडे. आणि मोर, सरडा, विंचू, मधमाशी हे सोबती, असे हे जग आहे. धडगावचा आमचूर खानदेशच्या बाजारपेठेत परिचित आहे. चित्रांतील आकृत्या दुसऱ्या कोठून आणाव्या लागत नाहीत. त्या दाराबाहेर असतात.

## पिठोरा विधी

घरातील दीर्घ आजार, गुरांचे मरण, नापिकी किंवा अपत्यहीनता अशा संकटात कुटुंबप्रमुख बडव्याकडे, म्हणजे समाजातील पुजारी व मांत्रिकाकडे जातो. संकट टळल्यास पिठोरा लिहीन, असा नवस बोलला जातो. नवस फेडण्याचा खर्च मोठा असतो. लखाऱ्यांचे मानधन, बळी, संपूर्ण नातेवाईक व गाव यांचे जेवण यांची तजवीज व्हावी लागते. त्यामुळे नवस बोलणे आणि तो फेडणे यांत पुष्कळ काळ जाऊ शकतो.

चित्रासाठी घराची ओसरी निवडली जाते. ओसरी आणि आतील स्वयंपाकाची जागा यांच्यामधील भिंत मुख्य मानली जाते व तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीही चित्राला घेतल्या जातात. अविवाहित मुली या भिंती शेण आणि पांढऱ्या मातीने सारवतात. मग लखाऱ्यांचा गट काम सुरू करतो. पिठोरा लिहिण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांकडे आहे.

चित्राभोवती एक चौकट आखली जाते आणि खालच्या बाजूस तिला प्रवेशद्वारासाठी मोकळी जागा ठेवली जाते. ही चौकट म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र होय. आत देवांच्या घोड्यांची रांग असते. पिठोरो देवाच्या विवाहाची ही वरात असल्याचे कथेत सांगितले जाते. बाबा गणेह, राणी काजळ, पिठोरो, पिठोरी, बाबा इंद यांचे घोडे, हत्तीवर बसलेला राजा भोज, बारा डोक्यांचा पुरुष, सुपासारख्या कानांचा माणूस अशा ठरलेल्या आकृत्या त्यात येतात. त्यांच्या अवतीभोवती सूर्य, चंद्र, विहीर, नांगरणारा शेतकरी, ताक घुसळणारी स्त्री, ताडावर चढणारा माणूस, मधमाश्यांचे पोळे, वाघ, साप आणि माकडे दिसतात. देवांची कथा आणि रोजचे जगणे एकाच भिंतीवर, एकाच मापाने मांडले जाते.

लखारे रंगवत असताना ढोल वाजतो, गाणी म्हटली जातात. चित्र पुरे झाल्यावर बडवा अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीसमोर येतो आणि एकेका आकृतीची ओळख पटवतो. एखादी आकृती राहून गेली असल्यास किंवा चुकली असल्यास ती दुरुस्त करावी लागते. या तपासणीनंतरच नवस फिटला असे मानतात. चित्राचा परीक्षक हा कलारसिक नसून देवाच्या वतीने बोलणारा बडवा असतो, ही गोष्ट या कलेच्या स्वरूपावर प्रकाश टाकते.

राठवा समाजातील या परंपरेचा सविस्तर अभ्यास कला-अभ्यासक ज्योतींद्र जैन यांनी केला. त्यांचे ‘पेंटेड मिथ्स ऑफ क्रिएशन’ हे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पिठोरा विधीशी निकटचा असलेला ‘इंदल’ हा विधी सातपुड्याच्या महाराष्ट्राकडील भागातही केला जातो. कळंब वृक्षाच्या फांद्या विधिपूर्वक आणून घरात रोवणे, रात्रभर जागरण, गायन व नृत्य हे त्याचे प्रमुख घटक आहेत. येथे भिंतीवरील आकृतीची जागा प्रत्यक्ष वृक्षाची फांदी घेते.

## साधने आणि रंग

जुन्या पद्धतीत रंग परिसरातूनच मिळत. पांढऱ्यासाठी पांढरी माती किंवा तांदळाचे पीठ, तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी तव्यावरची काजळी, पिवळ्यासाठी हळद आणि हिरव्यासाठी वालाच्या पानांचा रस वापरला जाई. आज बाजारात मिळणारी रंगांची पूड सर्रास वापरली जाते. मात्र विधीसाठी ती दुधात आणि मोहाच्या दारूत कालवण्याचा प्रघात राठवा लखाऱ्यांमध्ये टिकून आहे. मोहाचे झाड अन्न, तेल, पेय आणि देवाचा नैवेद्य या सर्वांसाठी उपयोगी पडते. त्याचा अंश रंगातही असणे स्वाभाविक आहे.

कुंचला म्हणून बांबूची किंवा कडुलिंबाची काडी वापरतात. तिचे टोक ठेचून तंतू मोकळे करतात अथवा त्यावर कापूस वा चिंधी गुंडाळतात. घोड्यांचे धड सारख्या आकाराचे यावे म्हणून काही ठिकाणी कापलेल्या पत्र्याचा किंवा जाड कागदाचा साचा वापरला जातो. ठिपके मात्र हातानेच दिले जातात, काडीच्या टोकाने किंवा बोटाच्या अग्राने.

## ठिपका

कागदावरील भिल्ल चित्रे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे ठिपका. प्रथम मोर, हरीण, घोडा किंवा झाड यांची बाह्याकृती एका रंगाने भरली जाते. रंग वाळल्यावर तिच्या आत निरनिराळ्या रंगांचे ठिपके ओळीने दिले जातात. या ओळी बहुधा बाह्यरेषेला समांतर जातात. हरणाच्या पाठीचा बाक असेल तेथे ठिपक्यांची ओळही वाकते, पायाशी आली की सरळ होते. त्यामुळे सपाट आकृतीला गोलाई आणि हालचाल प्राप्त होते. ठिपक्यांचा आकार, त्यांतील अंतर आणि रंगांचा क्रम ही प्रत्येक चित्रकाराची स्वतःची ठेव असते. सही न पाहता केवळ ठिपक्यांवरून चित्रकार ओळखणे जाणकारांना शक्य होते.

हा ठिपका मक्याच्या दाण्यावरून आला, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मक्याचे कणीस पाहिले असता ते पटण्याजोगे वाटते. दाणे घट्ट, सलग ओळींत बसलेले असतात. प्रत्येक ठिकाणी त्यांची जोडी तयार होत असल्यामुळे कणसावरील ओळींची संख्या सहसा सम असते. तथापि या स्पष्टीकरणाला एक मर्यादा आहे. मका हे मूळचे अमेरिका खंडातील पीक असून ते पंधराव्या शतकानंतरच भारतात आले. ज्वारी, नागली, भगर यांचे दाणे त्याआधीपासून या डोंगरांत पिकत होते. म्हणून ठिपक्याचा संबंध एकट्या मक्याशी न जोडता एकूण धान्याशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

या दृष्टीला धर्मश्रद्धेचाही आधार आहे. भिल्ल, कोकणा, वारली आदी समाजांत कणसरी ही धान्याची देवता मानली जाते. सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता याहामोगी हिचाही संबंध अन्नधान्याशी जोडला जातो. गुजरातमधील देवमोगरा येथे महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा भरते आणि नंदुरबार जिल्ह्यातील भाविक तेथे मोठ्या संख्येने जातात. ज्या समाजात दाणा हीच देवता आहे, तेथे दाण्याएवढा ठिपका निव्वळ शोभेचा राहत नाही. पूजेत धान्य मोजून मांडण्याची आणि चित्रात ठिपके मोजून मांडण्याची कृती एकमेकींच्या जवळच्या आहेत.

ठिपक्याची खूण स्त्रियांच्या गोंदणातही दिसते. कपाळ, हनुवटी, डोळ्यांच्या कडा आणि हात यांवर ठिपके व लहान रेषा गोंदवून घेण्याची प्रथा भिल्ल समाजात होती; जुन्या पिढीतील स्त्रियांच्या अंगावर ती अजून पाहावयास मिळते.

## निसर्गातील आकृतिबंध

भिल्ल चित्रांत निसर्गाची हुबेहूब नक्कल नसते. चित्रकार वस्तूमागील रचना टिपतो. पुढील आकृतिबंध वारंवार आढळतात.

दाण्यांची ओळ: कणीस, शेंग, डाळिंब यांच्यातील घट्ट मांडणी. आकृतीच्या आतील भाग भरण्यासाठी तिचा उपयोग होतो.

पिसारा: मोराच्या पिसावरील डोळा म्हणजे एकात एक वसलेली वर्तुळे. मोर काढताना ही वर्तुळे क्रमाने लहान होत जातात आणि पिसाऱ्याची उघडझाप सूचित करतात.

फांदी: खोडापासून फांदी, फांदीपासून डहाळी, डहाळीपासून पान असा एकच नियम प्रत्येक पातळीवर पुन्हा लागू होतो. आधुनिक गणितात अशा स्वसदृश रचनांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेन्वा मँडेलब्रॉ यांनी पुढे नेला. भिल्ल चित्रांतील झाडाला हा नियम निरीक्षणातून गवसलेला आहे.

पोळे: मधमाश्यांच्या पोळ्यातील घरे षट्कोनी असतात, कारण कमीत कमी मेणात जास्तीत जास्त जागा या आकाराने बंदिस्त होते. पिठोरा चित्रांत पोळे ठिपक्यांच्या समूहाने दाखवले जाते; समान आकाराचे गोल ठिपके दाटीने मांडले की एका ठिपक्याभोवती सहा ठिपके बसतात, हे हाताला आपोआप कळते.

तास: नांगराच्या तासांच्या समांतर रेषा. उतारावरील शेतात हे तास डोंगराच्या वळणाप्रमाणे वळतात. ठिपक्यांच्या ओळी बाह्याकृतीला धरून वळतात, त्याच्याशी याचे साम्य लक्षणीय आहे.

## होळीतील देहचित्रण

धडगाव परिसरात ही दृश्यसंस्कृती सर्वांत ठळकपणे दिसते ती होळीच्या दिवसांत. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजार भरतात. त्यानंतर सातपुड्यातील होळ्या एकाच रात्री न पेटता गावोगावी ठरलेल्या दिवशी पेटतात, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीला जाऊ शकतात. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध आहे.

ज्या पुरुषांनी नवस बोललेला असतो ते या काळात बुध्या, बावा, मोरखी अशी रूपे घेतात. त्याआधी काही दिवस ते ‘पालनी’ पाळतात, म्हणजे व्रतस्थ राहतात. ब्रह्मचर्य, जमिनीवर झोपणे आणि खाण्यापिण्याचे नियम यांचा त्यात समावेश होतो. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा व मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरू, आणि सर्वांगावर राखेने किंवा तांदळाच्या पिठाने काढलेले पांढरे ठिपके व रेषा, असा बुध्याचा वेश असतो. काळ्यासावळ्या अंगावर ओळीने उमटलेले हे ठिपके होळीच्या उजेडात नाचणाऱ्याबरोबर हलतात.

पिठोरा चित्रात नवस भिंतीवर लिहिला जातो, होळीत तो देहावर लिहिला जातो. दोन्हींची पद्धत एकच आहे: आधी संयम, मग खूण, मग समाजासमक्ष पूर्तता. पुढे दोन्ही खुणा पुसल्या जातात. देहावरची नक्षी अंघोळीने जाते, भिंतीवरची काळाने किंवा नव्या नवसाच्या सारवणाने झाकली जाते. चित्र टिकवून ठेवणे हा परंपरेचा हेतू नाही.

## एकाग्रता आणि ध्यान

निसर्गातील आकृतिबंध पुन्हा पुन्हा रेखाटून मन शांत करण्याचे प्रयोग आज जगभर होताना दिसतात. शहरांतून मंडल रंगवण्याच्या वह्या आणि ठिपक्यांच्या चित्रांच्या कार्यशाळा लोकप्रिय आहेत. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘प्रवाह’ या संकल्पनेची मांडणी केली. काम फार सोपे नाही आणि फार कठीणही नाही, प्रत्येक हालचालीचा परिणाम लगेच दिसतो, अशा वेळी मनुष्य कामात बुडून जातो व त्याचे स्वतःकडील लक्ष सुटते, असा तिचा आशय आहे. ठिपके देण्याचे काम या वर्णनात बसते. पुढचा ठिपका कोठे द्यावयाचा हे मागचा ठिपका सांगतो. घाई केली तर रंग ओघळतो, फार रेंगाळल्यास काडीवरचा रंग वाळतो. हात, डोळा आणि श्वास यांना एक लय सापडते. महाराष्ट्रात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हा अनुभव परिचयाचा आहे.

असे असले तरी भिल्ल परंपरेला सरसकट ‘ध्यानात्मक’ म्हणताना काही भेद लक्षात घ्यावे लागतात. ध्यान या शब्दाने सामान्यतः एकांत, मौन आणि वैयक्तिक मनःशांती सूचित होते. पिठोरा लिहिला जातो तो गजबजलेल्या घरात, ढोलाच्या आवाजात, अनेक हातांनी. त्याचा हेतू चित्रकाराच्या मनाला विश्रांती मिळावी हा नसून घरावरचे संकट दूर व्हावे, देवाशी केलेला करार पूर्ण व्हावा हा असतो. एकाग्रता आहे, परंतु ती चुकू नये म्हणून आहे. कारण बडवा प्रत्येक आकृती तपासणार असतो. मन शांत होत असेल तर ते कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने.

म्हणून या परंपरेतील अवधानाला ‘व्रतस्थ अवधान’ म्हणणे अधिक समर्पक होईल. त्यात निरीक्षण आहे, पुनरावृत्ती आहे, नियमांचे पालन आहे आणि इतरांप्रती बांधिलकी आहे. आधुनिक ध्यानात्मक कलेत पहिल्या दोन गोष्टी घेतल्या जातात, उरलेल्या दोन बहुधा सुटतात.

ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त आहेत. १९७१ मध्ये पापुन्या या वसाहतीत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील ज्येष्ठांनी आपली पारंपरिक चिन्हे फळ्यांवर व पुढे कॅनव्हासवर रंगवण्यास आरंभ केला. तेथेही ठिपके दिसतात, तेथेही भूमी आणि पूर्वजांच्या कथा आहेत. मात्र दोन्ही परंपरा एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाढल्या. पवित्र चिन्हे परक्यांसमोर उघडी पडू नयेत, यासाठी त्यांवर ठिपक्यांचे आच्छादन घातले गेले, असे ऑस्ट्रेलियातील चित्रांविषयी सांगितले जाते. भिल्ल ठिपका झाकण्यासाठी नाही, भरण्यासाठी आहे. तो सुबत्तेचा ठिपका आहे.

## भिंतीवरून कागदावर

१९८२ मध्ये भोपाळ येथे भारत भवन ही कलासंस्था सुरू झाली. तेथील कलादालनाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी चित्रकारांना कागद व रंग देऊन त्यांच्या कामाला आधुनिक चित्रांच्या बरोबरीने स्थान दिले. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल येथील भूरीबाई त्या वेळी भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. स्वामिनाथन यांच्या सांगण्यावरून त्यांनी चित्रे काढली आणि पुढे त्या भिल्ल चित्रकलेच्या अग्रणी चित्रकार ठरल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयातील एका लांब भिंतीवर त्यांनी स्वतःचे आयुष्य चित्ररूपाने मांडले आहे. लाडोबाई यांचेही नाव याच पिढीत आदराने घेतले जाते.

या स्थित्यंतराचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. पिठोरा लिहिण्याचा अधिकार पुरुषांकडे असल्यामुळे स्त्रियांची कला सारवण, भिंतीवरील मातीची उठावाची नक्षी, गोंदण यांपुरती सीमित होती. कागद ही विधीबाहेरची जागा असल्याने तेथे स्त्रियांना चित्रकार म्हणून स्वतःचे नाव मिळवता आले. त्यांनी आपल्या चित्रांत गाव, झाडे, प्राणी, सण आणि पुढे बस, विमान असे नवे विषयही आणले.

विधीच्या परंपरेतील चित्रकारांमध्ये भाबरा येथील पेमा फात्या यांचे नाव प्रमुख आहे. छोटा उदेपूर भागातील परेश राठवा यांना पिठोरा कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. याच जिल्ह्यातील तेजगढ येथे भाषातज्ज्ञ गणेश देवी यांच्या पुढाकाराने आदिवासी अकादमी स्थापन झाली. तेजगढजवळील कोराज टेकडीवर प्राचीन शैलचित्रेही आहेत.

## वारली चित्रकलेशी तुलना

महाराष्ट्रात आदिवासी चित्रकला म्हटले की प्रथम वारली चित्रकला आठवते. पालघर जिल्ह्यातील ही कला १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून बाहेरच्या जगापुढे आली व जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही परंपरांत काही ठळक भेद आहेत. वारली चित्र गेरूच्या भूमीवर तांदळाच्या पिठाने, एकाच पांढऱ्या रंगात काढतात. भिल्ल चित्र बहुरंगी असते. वारली आकृती त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा यांतून घडते. भिल्ल आकृती भरीव असून ठिपक्यांनी सजीव होते. वारली लग्नाचा चौक परंपरेने सवाशिणी लिहितात. पिठोरा पुरुष लिहितात. साम्य एकच, परंतु मूलभूत आहे: दोन्हीकडे चित्र ‘लिहिले’ जाते आणि दोन्हीकडे त्याचे मूळ विधीत आहे.

वारली कलेच्या प्रसिद्धीमुळे शालेय चित्रकलेच्या तासाला राज्यभरातील मुले वारली आकृत्या काढतात. याचा एक अनपेक्षित परिणाम असा होतो की, सातपुड्यातील मुलेही आपल्या आजीच्या हातावरील गोंदणाऐवजी दुसऱ्या डोंगरातील आकृत्या ‘आपली आदिवासी कला’ म्हणून गिरवताना आढळतात.

## सद्यःस्थिती

या परंपरेसमोरील प्रश्न केवळ कलेचे नाहीत. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. बाधित कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदा व शहादा तालुक्यांतील सपाट प्रदेशात, वसाहतींच्या स्वरूपात झाले. डोंगर, नदी आणि वृक्ष यांच्याशी बांधलेले विधी जागा बदलल्यावर कसे करावयाचे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. देवाचे ठिकाण पाण्याखाली गेल्यास त्याची भरपाई मोजता येत नाही.

घरांची बांधणीही बदलत आहे. सिमेंटच्या भिंती टिकाऊ असतात आणि पावसाळ्यात त्यांचा आधार वाटतो, यात शंका नाही. परंतु त्यांवर शेणमातीचे सारवण नीट धरत नाही आणि छोट्या पक्क्या घराला बहुधा ओसरी नसते. रंगासाठी लागणारी माती व झाडे, टोपासाठी लागणारा बांबू, कळंबाची फांदी या सर्व गोष्टी जंगलाच्या अस्तित्वावर अवलंबून आहेत. हंगामी स्थलांतरामुळे तरुण अनेक महिने गुजरातेत व ऊसतोडीच्या भागांत असतात. तथापि होळीला गावी परतण्याची ओढ टिकून आहे आणि त्यामुळेच बुध्याचे व्रत आजही पाळले जाते.

बाजारपेठेचे परिणाम दुहेरी आहेत. चित्रांना मागणी आल्याने काही कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले आणि चित्रकारांना नाव मिळाले. दुसरीकडे, ठिपक्यांची शैली यंत्राने छापून कापडावर, भांड्यांवर वापरली जाते आणि त्यात मूळ समाजाचा किंवा चित्रकाराचा उल्लेखही नसतो. पिठोऱ्याचे घोडे हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी रंगवावेत का, याविषयी समाजातच मतभेद आहेत. काही चित्रकार विक्रीच्या चित्रांत विधीतील काही आकृत्या जाणीवपूर्वक वगळतात आणि देवाचे चित्र व विकण्याचे चित्र यांत सीमा राखतात.

## अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्व

पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आणि भोपाळचे आदिवासी संग्रहालय ही विद्यार्थ्यांना ही कला पाहण्यासाठी उपयुक्त ठिकाणे आहेत. या कलेचा अभ्यास अनेक विषयांना स्पर्श करतो. गणिताच्या विद्यार्थ्याला त्यात मांडणी व सममिती दिसेल, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पानाफांद्यांचे निरीक्षण आढळेल, भाषेच्या विद्यार्थ्याला ‘लिहिणे’ या क्रियापदाचा जुना, व्यापक अर्थ सापडेल.

ठिपक्यांची पद्धत शिकणे कोणालाही शक्य आहे आणि ती शिकण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु परंपरेतून शिकण्यासारखी गोष्ट ठिपक्याच्या आधी येते. लखाऱ्याने घोडा रंगवण्यापूर्वी घोडा, वाघ, ताड, विहीर हे सर्व वर्षानुवर्षे पाहिलेले असते. तयार नमुना गिरवण्याऐवजी स्वतःच्या परिसरातील कणीस, शेंग, पान किंवा सारवणातील बोटांच्या खुणा बारकाईने पाहून त्यांची रचना शोधणे, हे या कलेच्या अधिक जवळ जाणारे आहे. चित्राखाली ज्या समाजाकडून पद्धत घेतली त्याचे नाव लिहिणे हा त्याच शिक्षणाचा भाग होय. आकृती उसनी घेता येते. तिच्यामागचे पाहणे मात्र ज्याचे त्याला करावे लागते.